तानुबाईनं राखलेलं भांडण

"माह्या आंगचा धुरा कोरला तर तंगडं तोडीन, कडूबा!"

"तोडून पाह्य! तुह्या बापानं माह्या वावराचे चार तास खाल्ले, ते आधी ओक!"

पंजाबराव आणि कडूबा हे सख्खे चुलतभाऊ. दोघांची वावरं उतरणीवर, वर पंजाबरावाचं, खाली कडूबाचं. मधे बांधाचा एकच धुरा, अन् दरसाल दोघांच्या वखरांनी दोन्हीकडून कोरून कोरून त्याची पार काडी करून ठेवलेली. बारा वर्षं भांडत होते लेकाचे! पाऊस आला की पाणी धुऱ्यावरून उडी मारून काळी माती घेऊन सरळ नाल्यात जाई, अन् हे दोघं काठावर उभं राहून एकमेकांचा बाप काढत.

त्यांच्या खाली तानुबाईचं वावर अन् हीर. त्या हिरीवर आळीतली सहा घरं पाणी पीत, या दोन पैलवानांचीसुद्धा. एकाहत्तरला पाऊस अर्धाच पडला, अन् बहात्तरच्या चैतात हिरीचा तळ दिसायला लागला. हीर आटली की आळी उठणार, हे म्हातारीला स्वच्छ दिसत होतं.

ती आधी पंजाबरावाकडे गेली. "बाप्पा, आभाळाचं लक्षण बरं नाई. मिरगाच्या आधी दोघं मिळून धुरा उंच करा. पानी थांबन, जिरन, हिरीले लागन. तहान लागल्यावर खंदता काय?"

"करू ना काकू," पंजाबराव पानाला चुना लावत म्हणाला. "पन आधी कडूबाले म्हना, दोन हात जागा सोड."

कडूबाचंही तेच. आधी पंजाबरावानं सोडावी. बरं, गाव तरी शहाणं? पारावर पाण्याची बैठक भरली. अध्यक्ष कोण यावरून दोन दिवस गेले, अन् तिसऱ्या दिवशी एकमतानं ठराव झाला की औंदा पाऊस पडावा. वर टाळ्या वाजल्या!

तानुबाईचं टाळकं सरकलं. ती पुन्हा पंजाबरावाच्या दारात गेली. "मले काय करा लागते म्हना, पन कडूबा धुऱ्यावर फावडं घेऊन जाऊन राह्यला. तुही जागा दाबते वाटते." तिथून तशीच कडूबाकडे, अन् तिथं सांगताना तिनं तेच फावडं पंजाबरावाच्या हाती दिलं.

मग काय विचारता! पंजाबरावानं डोणगावच्या बाजारातून नवं फावडं आणलं अन् आपल्या हद्दीत कंबरभर धुरा घातला. कडूबानं आपल्या हद्दीत त्याच्याहून वीतभर उंच घातला. माती मात्र दोघांनी मधल्या जागेतून उपसली, कारण ती दुसऱ्याची आहे याची दोघांनाही खात्री. बायका टोपल्या वाहून कातावल्या. मधे छातीभर चर पडला.

मिरगात एकच दणक्याचा पाऊस झाला, अन् मग आभाळानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. कपाशीची पऱ्हाटी करपली, ज्वारी गुडघ्यात बसली. पण त्या एका पावसाचं पाणी पंजाबरावाच्या धुऱ्याला अडलं, वरून सांडलं ते चरात पडलं, अन् कडूबाच्या धुऱ्यानं तिथंच कोंडलं. दिवाळीला गावातल्या हिरी खडखडीत झाल्या तरी तानुबाईच्या हिरीत पुरुषभर पाणी होतं.

पौषात तालुक्याचे साहेब येणार, गाव एकजुटीचं दिसलं पाहिजे, म्हणून सरपंच भगवंतरावाला या दोघांचा उमाळा आला. त्यानं त्यांना पारावर बसवलं, हार घातले. "ठरलं! दोन्ही धुरे मोडा, चर बुजवा अन् मधोमध दगड रोवा." दोघं गळ्यात पडून रडले की हो!

तानुबाई पाराखाली बसून ऐकत होती. चर बुजला तर पुढचं पाणी थांबणार कुठं? वाईटही वाटलं तिला. एका ताटात जेवलेली पोरं ती, बारा वर्षांनी बोलत होती. पण ते रडणं सहा घरांना पुरणार होतं थोडंच? ती उठली.

"लय बरं झालं बाप्पा! पंजाबरावाचं मन मोठं. त्यानं माघार घेतली म्हनून जमलं."

पंजाबराव ताडकन उभा राहिला. "कोनं माघार घेतली?"

"तूच ना बे!" कडूबा हसला.

हार तुटले, भगवंतरावाची टोपी नालीत गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघंही आपापल्या धुऱ्यावर माती टाकत होते.

खाली हिरीवर पंजाबरावाची रुख्मिणी अन् कडूबाची गोजरबाई शेजारीशेजारी घागरी भरत होत्या. रुख्मिणीनं पदरानं डोळे पुसले. "काकू, कधी मिटन हो हे भांडन?"

"मिटन ना पोरी," तानुबाई दोर ओढत म्हणाली. "दोन पावसाळे जाऊ दे, धुऱ्यावर गवत धरू दे, माती पक्की होऊ दे. मंग मीच मिटवीन."