दस्त्यावरचा नंबर

हिम्मतरावांकडे सत्तावीस दुर्बिणी होत्या आणि बंदूक एकही नव्हती. नेमबाज सैनिकांच्या बंदुकांवर बसवायच्या जुन्या दुर्बिणी, त्या बसवायच्या पट्ट्या, कडी, स्क्रू असा सगळा संसार त्यांनी हैदराबादेत तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये मांडला होता. पाहुणे विचारत, "मग बंदूक कुठंय?" त्यावर तारामतीबाई शांतपणे म्हणत, "मी आहे की."

त्यातली ८४६१ नंबरची दुर्बीण नऊ वर्षांपूर्वी एर्रागड्ड्याच्या रविवारच्या बाजारात कुकरच्या शिट्ट्यांच्या ढिगाऱ्यात सापडली होती. विकणारा तिला नळाचा पार्ट समजत होता, पण माल कुठला ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सिकंदराबादच्या एका जुन्या क्लबच्या अडगळीतला.

त्याच क्लबच्या हॉलमध्ये महायुद्धातली एक बंदूक टांगलेली होती. नळीत शिसं ओतून तिला कायमचं गप्प केलेलं. तिच्यावर दुर्बीण होती, पण ती तिचीच का? त्या काळी कारखान्यात बंदूक आणि दुर्बीण यांची जोडी जुळवत आणि दुर्बिणीचा नंबर बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर ठोकत. लग्नात उखाणा घ्यायला लावतात, तसंच. दस्त्यावर ८४६१ असेल, तर हिम्मतरावांची दुर्बीण नऊ वर्षं परक्या घरी राहत होती.

एवढंच बघायचं होतं. पण नंबर दस्त्याच्या वरच्या अंगाला आणि बंदूक भिंतीवर दहा फूट उंच.

क्लबचे सेक्रेटरी प्रतापराव भला माणूस. नाही कधीच म्हणायचे नाहीत. "परसों आव साब, उतारके दिखातों," म्हणायचे. हैदराबादेत परसों म्हणजे परवा, गेल्या वर्षी किंवा पुढच्या जन्मी, यातलं काहीही. हिम्मतराव चार वर्षं परसों जात राहिले.

एकदा ते तिथल्या एका रिसेप्शनला, वर आणि वधू दोघांपैकी कुणालाही ओळखत नसताना, आहेर घेऊन गेले. खुबानी का मीठा दोनदा घेतला आणि तारामतीबाईंचा हातआरसा सेल्फी स्टिकला बांधून वर धरला. आरशात धूळ दिसली, पालीचं अंडं दिसलं आणि मागे उभा असलेला वधूचा मामा दिसला. आरसा फुटला.

"आता तरी सोडा नाद," तारामतीबाई म्हणाल्या.

"अगं, दहा फूट राहिलेत फक्त."

अखेर यंदा त्यांच्या सोसायटीचा जिना रंगवणारा किशोर पेंटर बोलता बोलता म्हणाला, की सोमवारपासून क्लबच्या हॉलचं काम आहे. हिम्मतरावांनी हातातला चहा खाली ठेवला.

"भिंतीवरचं सगळं उतरवणार?"

"हौ. शिंगं, ढाली, सगळं."

"शिडी धरायला माणूस लागेल तुला."

"काका, सत्तर वर्षांचा हेल्पर मी आजवर ठेवला नाही."

"एकाहत्तर," हिम्मतरावांनी दुरुस्ती केली.

सोमवारी सकाळी किशोरने बंदूक खाली दिली आणि हिम्मतरावांनी ती, बाळंतघरात आजोबा नातवंड घेतात तशी, हातांवर घेतली. दस्त्यावर वर्षानुवर्षांच्या पॉलिशचे थर. नंबर दिसेना. त्यांनी बोटावर पांढरी पुट्टी घेतली, लाकडावर चोळली, फडक्यानं पुसली. पुट्टी खाचांत तेवढी राहिली. आठ उमटला. मग चार.

तिथं त्यांनी अंगठा ठेवला. उरलेल्या दोन आकड्यांवर.

त्या दुर्बिणीतून ते रोज सकाळी समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत. काचेत मधोमध निशाण्याचा टोकदार खिळा, आडवी तार, त्यावर एक कावळा. नंबर जुळला, तर उद्यापासून ती इथं राहणार. अंगठा उचललाच नाही तर कुणाला काय कळणार होतं? नऊ वर्षांत हा विचार त्यांना कसा आला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

"क्या साब, आजकल पेंटिंग करतें क्या?" मागून प्रतापराव.

हिम्मतरावांनी अंगठा उचलला. "जरा वाचा, सेक्रेटरीसाहेब. चष्मा लावून."

"आठ. चार. छे. एक."

हिम्मतरावांनी पिशवीतून दुर्बीण काढून पुढे धरली. प्रतापरावांनी तिच्यावरचा नंबर वाचला, मग दस्त्यावरचा, पुन्हा दुर्बिणीवरचा.

"लोगां यहाँ से ले जाने आतें साब. तुम देने आए?"

"जिसकी है उसको देतों."

"कमिटी को पूछना पडता. परसों..."

"प्रतापराव," हिम्मतराव म्हणाले, "आज." आणि त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

प्रतापरावांनी खुर्ची ओढली, बसले आणि दहा मिनिटं कमिटी झाले. ८४६१ आपल्या जागी बसली तेव्हा कुठं फट राहिली नाही. बंदुकीवरची आधीची दुर्बीण त्यांनी हिम्मतरावांच्या पिशवीत टाकली. "कमिटीने मंजूर किया. ये इसकी नहीं, तो हमारी बी नहीं."

घरी तारामतीबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं. "एक घेऊन गेलात, एक घेऊन आलात. नऊ वर्षं याचसाठी?"

"हिचा नंबर २९०७," हिम्मतराव वहीत लिहीत म्हणाले. "हिची बंदूक कुठंतरी आहेच."

"आणि सापडली की?"

"देऊन टाकणार."

बाल्कनीत जाऊन त्यांनी नवी दुर्बीण डोळ्याला लावली. काच धुरकट होती. टाकी दिसली, कावळा नुसता डाग दिसला. तारामतीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"शोधा," त्या म्हणाल्या. "पण आरसा या खेपेला स्वतःचा घ्या."