दादाची मिशी

मूर्तिकाराच्या शेडमध्ये पाऊल टाकताच आजींनी विचारलं, "ही मिशी कुणाची आणली?"

स्टँडवर ओल्या मातीचा, छातीपर्यंतचा एक तरुण होता. आजींचा थोरला भाऊ. युद्धात बॉम्बफेकी विमानातून गेला, तो परत आलाच नाही. आता त्याला ब्राँझमध्ये चौकात बसवणार होते. आज मातीवरून साचा निघायचा होता, आणि एकदा साचा निघाला की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी नाक बदलता येत नाही. म्हणून स्मारक समितीच्या अध्यक्षांनी आजींना पसंतीला बोलावलं होतं. पसंती म्हणजे मान डोलवायची आणि चहा प्यायचा, असा अध्यक्षांचा समज होता.

त्यांनी फोटो पुढे केला. "ताई, तुमच्याच घरचा फोटो. मिशी आहे."

"फोटोत आहे. तोंडावर नव्हती."

दादाला मिशीचं भलतं वेड. रोज आरशासमोर उभा राहून ओठावर तेल चोळायचा. आई म्हणायची, अरे, पडीक जमिनीला किती खत घालशील? शेवटी गणवेशातला फोटो काढला तेव्हा फोटोग्राफरच्या हातापाया पडून त्याने छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशने मिशी काढून घेतली. तेव्हाचे फोटोग्राफर टकलावर केससुद्धा उगवून द्यायचे.

"आणि हे करारी डोळे कुठले? पालीला घाबरायचा तो. शाळेत शेवटच्या बाकावर, विमानातही शेपटीत, बंदूक धरून मागे तोंड करून. आपण कुठं चाललोय हे त्याला कधी दिसलंच नाही."

मूर्तिकार फिसकन हसला. अध्यक्षांनी डोळे वटारले.

"ताई, हुतात्म्याबद्दल असं बोलू नये. लोकांना वीर पाहिजे."

"लोकांना घोडाही पाहिजे असेल. बसवता?"

तोंडाने थट्टा चालली होती, पण नजर त्या मिशीवरून हटत नव्हती. दादाला पाहिलेलं दुसरं कुणीच आता उरलं नव्हतं. आज मान डोलवून घरी गेल्या असत्या, तर उद्यापासून हा मिशाळ परका माणूसच त्यांचा भाऊ झाला असता आणि खरा कायमचा गेला असता. ते त्यांना सोसणार नव्हतं.

"काढा ती," त्या मूर्तिकाराला म्हणाल्या.

"हात लावू नका," अध्यक्ष म्हणाले.

मूर्तिकाराची पंचाईत झाली. इकडे माती सुकत चालली होती. "बघू तर खरं. नाही आवडलं तर परत लावता येईल," असं पुटपुटत त्याने हत्यार उचललं, मिशी खरवडली आणि ओलं बोट ओठावरून फिरवलं.

चेहऱ्याची सगळी ऐट त्या मिशीत होती. ती गेली आणि मोठ्या माणसाचा कोट घातलेलं एक पोर समोर राहिलं.

अध्यक्ष जवळ गेले. वाकून चेहरा बघितला. "अहो," ते म्हणाले, "हे तर लेकरू आहे."

"मग मघापासून मी काय सांगतेय?"

अध्यक्षांनी मूर्तिकाराला खूण केली. तो मुकाट्याने साच्याचं प्लास्टर कालवायला बसला.

आजी मूर्तीजवळ सरकल्या. दादाला हे मुळीच आवडलं नसतं, तो आठवडाभर बोलला नसता, हे त्यांना ठाऊक होतं.

"चिडू नकोस रे," त्या हळू म्हणाल्या. "आली असती. अजून दोन वर्षं जगला असतास तर नक्की आली असती."