सोवळ्याच्या शेंगा

भुईमुगाचे पिवळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मान टाकते. मग काही दिवसांनी त्याच्या बुडाशी एक बारीक, जांभळट दोरा फुटतो. तो वर न जाता खाली वळतो आणि मातीत शिरतो. या दोऱ्याला आरी म्हणतात. शेंग धरते ती तिच्या टोकाला, जमिनीच्या आत. कुमुदिनीने शाळेची फूटपट्टी लावून पाहिले होते. एक आरी चार दिवसांत पाऊण इंच वाढली होती.

ही आरी वाढत होती इंदूरला, पलासियाच्या बाजूला असलेल्या एका बंगलीच्या परसात. आणि तिला निमित्त होते कुमुदिनीच्या सासूबाईंची, माईंची, एकादशी. माईंचे म्हणणे असे, की बाजारचे दाणे किती हातांतून येतात कोण जाणे. उपासाच्या खिचडीत पडणारे दाणे तरी घरचे, सोवळ्यातले असावेत. विचार उत्तम होता. अडचण एवढीच, की भुईमूग कसा लावतात हे घरात कोणालाच माहीत नव्हते. ते माहीत होते लक्ष्मीला.

लक्ष्मी इंदूरजवळच्या सिमरोल गावची. नवरा गिरणीत लागला म्हणून शहरात आली आणि परसातली झाडलोट करू लागली. तिची जात घरात कोणी तोंडाने उच्चारीत नसे. तिला पाणी वरून ओतत, त्यावरून पाहुण्यांना कळे. परसातला नळ वाफ्यापासून चार पावलांवर होता, पण त्याला हात लावायचा नाही. तहान लागली की हाक मारायची आणि कोणी येईपर्यंत थांबायचे. माई झोपलेल्या, कुमुदिनी शाळेत आणि सासरे अप्पासाहेब वाचनालयात, अशा दुपारी ती दोन-दोन तास थांबे.

कुमुदिनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवी. पाणी कशाचे बनते, हे ती दरवर्षी फळ्यावर लिही. घरी मात्र तीही लोटा उंच धरी. लोटा आणि लक्ष्मीची ओंजळ यांच्यात एक वीत अंतर राही, आणि माई पाहत असल्या तर सव्वा वीत.

देशाची घटना लागू झाली त्या वर्षी तिने विषय काढला होता. लक्ष्मीने स्वतःच नळ सोडला तर? माई ‘नाही’ म्हणाल्या नाहीत, ‘बघू’ म्हणाल्या. आधी श्रावण जाऊ दे. मग पितृपक्षात नवे काही नको. मग दिवाळी, मग संक्रांत. अशी तीन वर्षे गेली. होळकरांच्या कचेरीत तीस वर्षे काढलेले अप्पासाहेब सव्वीस जानेवारीला क्लबात समतेवर भाषण करून आले. टाळ्या पुष्कळ पडल्या. घरच्या नळाबद्दल सुनेने विचारले तेव्हा ते म्हणाले, “प्रकरण विचाराधीन आहे.”

माईंचा नियम स्पष्ट होता. कोरड्याला विटाळ नाही, ओल्याला आहे. त्यामुळे लक्ष्मीने पेरले ते चालले. बी कोरडे होते. खुरपले तेही चालले. माती कोणाचीच नसते. आऱ्या सुटल्यावर तिने झाडांच्या बुडाशी माती लावली, त्यालाही माईंनी उंबऱ्यावरून संमती दिली. दसऱ्यानंतर पाने पिवळी पडली. लक्ष्मीने एक शेंग फोडून दाखवली. टरफलाच्या आत काळसर डाग आले होते; दाणे भरल्याची ती खूण.

“माईजी, फल्ली तयार झाली,” ती म्हणाली. “आताच काढून घेऊ. जमीन अजून नरम आहे.”

माईंनी शेंग लांबून पाहिली. ओली होती. ओली शेंग लक्ष्मीने उपटली तर चार महिन्यांचे सोवळे फुकट, कुमुदिनीला दिवसभर शाळा, आणि अप्पासाहेबांना तर कमरेत वाकता येत नव्हते. माईंनी रात्रभर विचार करून तोडगा काढला. शेंगा जमिनीतच वाळू द्याव्या. कोरड्या झाल्या की लक्ष्मीनेच काढाव्या. नियमही राहील आणि कामही होईल. अप्पासाहेबांनी हा तोडगा कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरवला.

“काळी जमीन आहे,” लक्ष्मी म्हणाली. “ती कोणासाठी थांबत नी.”

कुमुदिनीलाही हे ठाऊक होते. तिने तोंड उघडले. तेवढ्यात माईंनी चहाचे विचारले, आणि तिने ते मिटले.

कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी शेंगा काढायचे ठरले. लक्ष्मीने पहिले झाड ओढले. हातात आला पाला, मूळ आणि दोन पोचट शेंगा. बाकीच्या खालीच राहिल्या. महिनाभराच्या उन्हाने माती दगड झाली होती. “सरका,” म्हणून अप्पासाहेब पुढे झाले. त्यांनी धोतर खोचले, कंबर विसरून दुसरे झाड दोन्ही हातांनी धरले आणि पुढच्या क्षणी ते वाफ्याबाहेर बसलेले दिसले.

“वरचा भाग हस्तगत झाला आहे,” त्यांनी बसल्या बसल्या कळवले.

लक्ष्मीने पदर तोंडाला लावला. कुदळ मारली असती तर शेंगा फुटल्या असत्या. उपाय एकच, तिने सांगितले: वाफ्याला चार बादल्या पाणी. संध्याकाळपर्यंत माती लोण्यासारखी होईल.

पाणी दिले की शेंगा ओल्या. ओल्या झाल्या की लक्ष्मी नको. लक्ष्मी नको तर काढणार कोण? माईंनी हे बोटांवर दोनदा मोजून पाहिले. मग त्यांनी ठरवले की नळ कुमुदिनीने सोडावा, पाणी तिनेच द्यावे, झाडेही तिनेच उपटावी आणि लक्ष्मीने लांबून सांगावे.

कुमुदिनी बादली घेऊन नळाशी गेली. मागे वळून पाहते तो लक्ष्मी उन्हातच उभी. सकाळपासून तिने दोनदा हाक मारली होती; गडबडीत कोणी आलेच नव्हते. तिचे ओठ सुकले होते. कुमुदिनीने बादली खाली ठेवली.

“मी नाही सोडणार नळ, माई. तो लक्ष्मी सोडेल.” आवाज इतका हळू होता की आपण बोललो की नाही, अशी तिलाच शंका आली. “शाळेत एक शिकवते आणि घरी लोटा उंच धरते. आज नाही जमायचं.”

“आणि उद्याची एकादशी?” माईंनी विचारले.

उत्तर लक्ष्मीने दिले. ती वाफ्याच्या कडेपर्यंत आली.

“माईजी, एक बात विचारू? आषाढापासून बरसात पडली. मी इथेच बसून निंदाई केली. पाणी माझ्या डोक्यावरून, हातावरून याच मातीत जात होतं, आणि तेच ह्या फल्लीने पिलं. मी आणि ती एकाच पाण्यात भिजलो. मग तुमचं ओलं कोणत्या दिवसापासून धरायचं?”

माईंनी पुन्हा बोटे मोजायला घेतली. खुरपणीच्या दिवशी पाऊस होता. माती लावली तेव्हाही होता. त्या कडक होत्या, पण नियमाशी लबाडी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. आता तो नियमच सांगत होता, की एक तर सगळे आषाढातच विटाळले, नाहीतर कधीच काही विटाळले नाही! तिसऱ्या बोटावर त्या थांबल्या.

“म्हणजे पाण्याला हे काही माहीतच नव्हतं,” त्या सावकाश म्हणाल्या.

“पाण्याला खरं माहीत होतं, माई,” कुमुदिनी म्हणाली. “आपल्यालाच नव्हतं.”

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा ‘बघू’ आहे. तो दुष्टपणाने म्हटलेला असतो असे नाही. पण अन्याय थांबवायला सोयीचा दिवस शोधत राहणे म्हणजे तो चालू ठेवणेच होय. मुहूर्त आपण पाहतो. तहान दुसऱ्याला लागलेली असते.

अप्पासाहेबांनी घसा साफ केला आणि या बाबतीत एखादी छोटी समिती नेमावी, असे सुचवले. माईंनी त्यांना आधी जमिनीवरून उठायला सांगितले. मग त्या उंबरा ओलांडून परसात नळापाशी आल्या.

“लक्ष्मी,” त्या म्हणाल्या, “नळ तू सोड. वाफ्याचं मागून बघू. आधी तू पाणी पी.”