पाच रिकाम्या पट्ट्या

शाळेत दोन दिवसांचं प्रथमोपचार शिबिर झालं आणि मी, भाविका, टोकावड्याजवळच्या आमच्या अख्ख्या पाड्याची डॉक्टरीण झाले. कोणी केलं? मीच! गळ्यात बॅज आणि दप्तरात किराणा दुकानातल्या ॲस्पिरिनच्या पट्ट्या.

भाताची आवणी चालू होती, रोपं लावायचं काम. चिखलात वाकून वाकून शेजारच्या गुणाआत्याची कंबर धरली. मी ऐटीत सांगितलं, "आत्ये, दुखलं की दोन घे."

दुखायचं तर दिवसभर. चार दिवसांत दहा-दहाच्या पाच पट्ट्या संपल्या. रिकाम्या मी जपून ठेवल्या, शाळेत बाईंना दाखवायला.

चौथ्या दिवशी बांधावर जेवताना ती म्हणाली, "काय रातकिडे वरडतात गो! कान फाटले."

"मग पावसात काय कोकिळा वरडणार?" मी म्हटलं. सगळ्या बाया खिदळल्या. तिला नीट ऐकूही येत नव्हतं, त्याचीही चेष्टाच झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धापा टाकत होती. घामाने निथळलेली, काहीबाही बरळत होती. तिचा मुलगा सुनिलदादा आणि मी तिला जीपने मुरबाडच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं. "छाती साफ आहे. साखरही ठीक. मग श्वास एवढा जोरात का? काही गोळ्या घेतल्या?"

सुनिलदादाने माझ्याकडे बघितलं.

"एक-दोन," मी म्हणाले. खोटं इतकं पटकन तोंडात येतं, मला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात आत्या कण्हली, "ते रातकिडे गप कर गो, भाविका."

खिडक्या बंद होत्या. एकही किडा ओरडत नव्हता.

मॅडम गर्रकन वळल्या. "कानात आवाज येतो? कधीपासून?"

मी दप्तर उघडून पाचही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. "पन्नास. चार दिवसांत. मी दिल्या."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पट्टी वाचत नर्सला म्हणाल्या, "कानात आवाज, हा श्वास, ही बडबड. ॲस्पिरिन अंगात साठलंय. सलाईन लावा, गाडी बोलवा, ठाण्याला न्यायचंय."

आत्या नवव्या दिवशी परतली. पट्ट्यांचं सुनिलदादाने कुणालाच सांगितलं नव्हतं. पडवीत बाया जमलेल्या असताना तिने मला हाक मारली, "ये डाक्टरनी! कंबर अजून दुखते गो, गोळी हाय का नाय?"

सगळ्या हसल्या. मी बॅज काढून मुठीत धरला.

"आत्ये, त्या गोळ्यांनीच तू आजारी पडलीस. मीच दिलेल्या. आणि डॉक्टरांना मी आधी खोटं सांगितलं."

हसणं मध्येच तुटलं.