कानाची उंची

“तात्या, ही भिंत हाय, चाळन न्हाई,” पुंजारामने ड्रिल मशीन खाली ठेवले. “सकाळपासनं दोनदा जागा बदलली. आजून किती भोकं पाडायची?”

“आवाज सुदरंपत्तुर,” सहादेव म्हणाला.

समोरच्या फिकट निळ्या भिंतीवर दोन लाकडी स्पीकर बसले होते, पुस्तकांच्या फळीवर सहज मावतील एवढेच. त्यांच्या वर, दोन वेगवेगळ्या उंचींवर, सोडून दिलेल्या भोकांच्या जोड्या होत्या आणि प्रत्येक भोकाखाली विटेचा लाल ओघळ. पहिल्यांदा सहादेवने हट्टाने ते छताजवळ चढवायला लावले होते, देवळावरच्या कर्ण्यासारखे. मग हातभर खाली. आता मात्र पुंजारामच्या मनाप्रमाणे झाले होते. राहात्याच्या पेठेत विजेच्या वस्तू दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षे गेली होती, आणि त्याचे म्हणणे साधे होते: कोपऱ्यातल्या कपाटावर ठेवल्याने खर्ज फुगतो, स्पीकर भिंतीवर घ्यावेत, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तोंडे किंचित आत वळवून.

“आता लाव,” सहादेव खुर्चीत ताठ बसला. “एकादशीचंच लाव.”

मुलगा रविराज पुण्याला असतो. निवृत्तीची भेट म्हणून त्यानेच हे स्पीकर पाठवले होते. सहादेवला त्यांच्यावर एकच गोष्ट ऐकायची होती: गेल्या एकादशीचे मंडळाचे भजन, मोबाईलवर घेतलेले. त्या दिवशी भजन संपल्यावर, प्रसाद हातात असताना, पेटी वाजवणारे गहिनीनाथबुवा चारचौघांत म्हणाले होते, “सहादेवराव, फुडल्या बारीपासनं तुमी मागं बसा. टाळ न्हाई घेतला तरी चालंल.” बत्तीस वर्षे पहिल्या ओळीत बसलेला माणूस. त्याने प्रसाद तसाच पिशवीत टाकला होता आणि आता उद्या सकाळी सगळ्या मंडळाला घरी बोलावले होते. चहा मिळेल, आणि कुणाचा टाळ चुकतो तेही ऐकायला मिळेल.

भजन सुरू झाले. पखवाज भिंतीतून आला, खोल आणि स्पष्ट. पेटी पाण्याखालून यावी तशी आली. बुवांचा आवाज आला, पण त्याचे शब्द कुणीतरी कडेने कुरतडले होते. टाळ आलाच नाही.

“टाळ कुठाय?” सहादेव गरजला. “दहा टाळकरी हुते. सगळं गेलं कुठं?”

पुंजारामने धुळीसाठी नाकातोंडावर रुमाल बांधला होता. तो काहीतरी बोलला.

“काय?”

तो पुन्हा बोलला.

“मोठ्यानं बोल की! तोंडात गुळनी धरलीय का?”

पुंजारामने रुमाल हनुवटीखाली ओढला. “म्हनलं, टाळ ठनठनीत वाजतोय. ह्याच्याहून चांगला कसा वाजंल?”

“मला येडं समजतो व्हय रं? माल गंडका निघाला की म्हनायचं चांगलाच हाय! तुमची सगळ्यांची जातच तसली. समोरच्याचं कान फुटलंत म्हनून सांगायचं आन् सुटायचं!”

पुंजारामचा चेहरा लाल झाला. एवढ्यात सहादेवच्या पाठीमागून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ मेथी निवडत बसलेल्या त्याच्या बायकोचा, चांगुणेचा आवाज आला. ती नेहमीच्या आवाजात, काहीही न लपवता म्हणाली, “भाऊ, त्यांच्याशी बोलताना त्वांड समोर ठिव. फडकं बांधू नको. त्यांला ऐकू येत न्हाई.”

सहादेव स्पीकरकडे बघत बसून राहिला.

पुंजारामने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या डोक्यावरून चांगुणेकडे, आणि मग नजर खाली टाकली. सहादेवला शब्द ऐकू गेले नव्हते. नजर मात्र त्याने वाचली. तो ज्या कारखान्यातून निवृत्त झाला, तिथे चेहरा वाचण्यात त्याचा हात धरणारा माणूस नव्हता. तो गर्रकन वळला.

“काय बोललीस?”

चांगुणेने मेथीचे एक देठ मोडले.

“काय बोललीस म्हनतोय मी!”

मेथीची जुडी ताटात ठेवून ती उठली आणि समोर येऊन उभी राहिली. “टाळ वाजत्यात, अवं. सगळं वाजत्यात.”

सहादेवने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. “डॉक्टरनं लिहून दिलंय! दर साली लिहून दिलंय. कान चांगलं हायेत म्हनून सही हाय त्याची!”

सही खरीच होती. साखर कारखान्याच्या मिलहाऊसमध्ये, जिथे ऊस चिरडणाऱ्या रोलरच्या आणि टर्बाइनच्या गर्जनेत माणसाला स्वतःची हाकही ऐकू येत नाही, तिथे सहादेवने चौतीस गळीत हंगाम काढले. तिथे कुणी तोंडाने बोलत नसे. मूठ वर केली की ऊस रोलरकडे नेणारी गव्हाण थांबे; पालथा पंजा हलवला की वाफ कमी होई; शिव्या, विनोद, घरची बातमी, सगळे ओठांवरून वाचले जाई. वर्षातून एकदा तपासणी असे. डॉक्टर टेबलापलीकडे, अगदी समोर बसे आणि विचारी: नाव काय, गाव कोणते, ऐकू येते ना? मिलहाऊसचे गडी त्याच्या ओठांकडे बघून खणखणीत उत्तरे देत. बाहेर येऊन चहा पिताना एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. आपल्यातला एकही नापास झाला नाही! बॉयलरवाले नापास होत, ऑफिसातला एक कारकूनसुद्धा झाला होता. मिलहाऊस कधीच नाही. त्या विजयाचा सहादेवला अभिमान होता. एकाही डॉक्टरने, चौतीस वर्षांत एकदाही, खुर्ची फिरवून पाठमोरे बसून प्रश्न विचारला नव्हता. कानात घालायच्या बोळ्यांचा खोका साहेब यायच्या दिवशी उघडे आणि साहेब गेले की बंद होई. आणि आपण? आपण हसत होतो.

“तुला ठावं हुतं?” त्याने चांगुणेला विचारले.

“व्हय.”

“कवापासनं?”

“धा वर्सं झाली.”

“धा वर्सं! आन् तू मला सांगितलं न्हाईस?”

“सांगितलं हुतं. पर तुमी पाठमोरं हुता,” ती म्हणाली. “त्या दिसापासनं मी तुमच्या म्होरं येऊनच बोलते.”

पुंजाराम अवजारे पिशवीत भरू लागला. सहादेवने मूठ वर करून त्याला जागीच थांबवले. मग, जो प्रश्न त्याने एकादशीपासून पोटात दाबून ठेवला होता, तो त्याने चांगुणेला विचारला.

“माझा टाळ वळखू येतो का तुला? दहांतला?”

“न्हाई कसा? त्याच्या काठाला चीर हाय. किनरा वाजतो.”

“मंग कसा पडतोय त्यो? ठेक्यात हाय का न्हाई?”

चांगुणा भिंतीकडे बघू लागली.

“बोलू नको. बोलन्यावर माझा इस्वास न्हाई आता कुनाच्या,” सहादेव म्हणाला. “पुंजाराम, पखवाजाचा ठेका त्या स्टुलावर हातानं धर. आन् तू हितं हुभी ऱ्हा, त्याच्या शेजारी. माझा टाळ वाजला की हात खाली पाड. दुसऱ्या कुनाचा न्हाई. माझा.”

भजन पुन्हा सुरू झाले. पुंजारामचा पंजा स्टुलावर पडू लागला. त्याच्याबरोबर चांगुणेचा हात पडू लागला. अचूक, एकाच क्षणी, जणू दोन हातांना एकच खांदा होता. सहादेवच्या छातीत काहीतरी उजळले. बुवांचे तोंड उद्या कसे होईल तेही त्याला दिसले. मग त्याने तिचे डोळे पाहिले. ते पुंजारामच्या हातावर होते; तो उचलला की ती आपलाही उचलत होती.

“बघून पाडू नको!” तो ओरडला. “ऐकून पाड. डोळं मीट.”

“ऱ्हाऊ द्या की आता.”

“मीट म्हनतो ना!”

तिने डोळे मिटले. पुंजारामचा हात पडला. मग तिचा. पुन्हा त्याचा, मग तिचा. मध्ये पापणी लवण्याएवढेच अंतर होते, पण ते प्रत्येक वेळी होते. ठेका दुप्पट झाला, तसे ते अंतर उघड्या जखमेसारखे रुंदावले. सहादेव दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहत राहिला. एकादशीला आपण काय करत होतो, ते त्याला आता कळले. पखवाजावर हात पडलेला बघायचा आणि मग टाळ मारायचा. गव्हाणीवर हे चालून जाई. तिथे यंत्र माणसाच्या मुठीची वाट बघत असे. भजन कुणाची वाट बघत नाही. आणि बघून मारलेला टाळ हातानंतरच पडणार, कितीही वर्षे पहिल्या ओळीत बसलात तरी.

“बंद कर,” तो म्हणाला.

चांगुणेने डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होते. सहादेवला त्या पाण्याचाही राग आला. “रडाय काय झालं? मेलोय का मी?”

“उंद्या सगळी येनार हायेत,” ती समोर येऊन म्हणाली. “बुवांला काय सांगायचं?”

“चहा टाक सगळ्यांला. काय सांगायचं ते माझं मी सांगतो.”

पुंजारामने पिशवीचा बंद आवळला. आता सहादेव स्पीकर उतरवायला सांगणार, असेच दोघांना वाटले असावे. तो उठला, त्याने पुंजारामच्या कानामागची पेन्सिल ओढून घेतली आणि चांगुणेला म्हणाला, “बस.”

“कुठं?”

“रोज बसतीस तिथं. भाजी निवडाय.”

“अवं, परकं मानूस हाय घरात. काय चाललंय तुमचं?”

“बस!”

ती उंबऱ्याजवळ आपल्या जागी बसली, मेथीचे ताट पुढ्यात ओढून, पाठ ताठ. सहादेव गुडघे धरत तिच्याशेजारी वाकला. डाव्या हाताने तिच्या कानावरचा पदर आणि पांढरी बट मागे सारली, आणि कानाच्या रेषेत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली.

“स्पीकर ह्या मापानं घे,” तो पुंजारामला म्हणाला. “त्वांडं हिकडं वळव.”

पुंजारामने टेपने जमिनीपासून रेघेपर्यंतची उंची मोजली. मग त्याने रुमाल नाकावर न ओढताच ड्रिल भिंतीला लावले. सहादेव खाली बसला आणि जुने वर्तमानपत्र दोन्ही हातांनी भिंतीलगत धरून राहिला. त्यावर विटेची लाल भुकटी पडत होती. तो ती एकटक बघत होता.