फळीवरचे मूल्यमापन

गुरुवार, दिनांक १५ मे २०२५, सायंकाळचे पाच वाजून वीस मिनिटे. तृतीय वर्ष विज्ञान शाखेचे विद्यार्थी अठ्ठावन्न. प्राध्यापकांच्या ऑनलाइन मूल्यमापनाचा अर्ज भरणारे पाच.

संगणक कक्षाच्या पडद्यावर हा आकडा पाहिल्यावर मी शर्टाच्या खिशातला कागद काढून त्याच्याशी ताडून घेतला. कागद मागच्या मे महिन्याचा, घड्यांवर फाटत आलेला. त्यावरही अर्ज पाचच होते. त्याखाली माझ्या मुलीचे, रंजीताचे, नाव होते आणि सरासरी होती पाचपैकी १.४.

रंजीता आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत असे. त्या पाच मुलांना तिने प्रयोग न करता प्रयोगाचे गुण दिले नव्हते. विभागप्रमुख प्रा. राजदीप बोरकुटे यांनी अर्ज उघडला तो बरोबर तेंदूच्या हंगामात. कुरखेड्याकडची सगळी मुले तेव्हा आईबापांबरोबर जंगलात पाने तोडतात. गावातली पाच मुले उरली. त्यांनी बोरकुट्यांच्या केबिनमध्ये बसून अर्ज भरले. अडीचपेक्षा कमी सरासरीच्या प्राध्यापकाला पुढचे तास नाहीत, हा नियमही बोरकुट्यांचाच. रंजीता आता भद्रावतीला शिकवणीवर्गात आठवीच्या मुलांना गणित शिकवते.

मी तेव्हा जाब विचारायला गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "धनराजभाऊ, ज्याले भरायचं होतं त्यानं भरलं. आकडा खोटं नाई बोलत."

मुलीला काढले, बापाला ठेवले. पॉलिटेक्निकमधून निवृत्त होऊन मी कंत्राटावर संगणक कक्ष सांभाळतो आणि तिथली यंत्रे दुसऱ्या कोणाला नीट हाताळता येत नाहीत. अर्जाची प्रणालीही माझ्याच हातात आहे. दहा मिनिटांत मी हवे ते आकडे घालू शकलो असतो. पण खोट्या मापाचा सांधा पहिल्याच भाराला उघडतो, हे मी पॉलिटेक्निकच्या कार्यशाळेत छत्तीस वर्षे मुलांना शिकवले आहे. मला असा सांधा हवा होता, जो बोरकुट्यांना जन्मभर उघडता येऊ नये.

या वर्षी त्यांना प्रभारी प्राचार्य व्हायचे होते. फाइल सोमवारी संस्थेकडे जाणार होती आणि तिला किमान तीनची सरासरी लागत होती. अर्जाची मुदत शनिवार, सायंकाळी सहा. पाच अर्जांत त्यांची सरासरी पूर्ण पाच होती.

मी दोन दिवसांची रजा टाकली. पत्त्यांवरून यादी केली: उरलेले त्रेपन्न विद्यार्थी पाच फळ्यांवर विभागलेले होते. फळी म्हणजे गावाबाहेरचे मोकळे रान. तिथे दुपारनंतर लोक तेंदूची पुडकी आणून ओळीत मांडतात आणि मुन्शी ती मोजून घेतो. आपली ओळ मोजून होईपर्यंत कोणी हलत नाही. हाती काम नाही आणि जागा सोडता येत नाही, असा तास-दीड तास असतो. अर्जाला चार मिनिटे लागतात.

मुलांचे पासवर्ड नव्याने काढून मी त्रेपन्न बंद पाकिटे केली. मोटारसायकलवर बॅटरी, राउटर आणि अँटेना बांधली. फळीवर फोनला रेंज नसते, पण वीस फूट बांबूच्या टोकाला अँटेना लावून ती टॉवरच्या दिशेने फिरवली, की दोन कांड्या येतात.

पहिल्या फळीचा मुन्शी लटारू मला ओळखत होता. बांबू उभा होताना पाहून त्याने कमरेवर हात ठेवले.

"काऊन भाऊ, पानं मोजाले माणसं कमी पडले म्हणून आता हवा मोजून राह्यले का?"

ओळीतल्या बाया हसल्या. मीही हसलो आणि पाकिटे वाटायला लागलो. चंचल नावाची मुलगी पानांच्या चिकाने काळी झालेली बोटे ओढणीला पुसत आली. रंजीताच्या वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची. तिने हळूच विचारले, "भाऊ, बोरकुटे सरले किती देऊ? तुमी सांगान तेवढे देतो. मॅडमसाठी."

'एक' हा शब्द माझ्या जिभेवर वर्षभर तयार होता.

"अंक मी नाई सांगणार," मी म्हणालो. "सर वर्गावर किती दिवस आले, तेवढं आठव आन् भर."

बोरकुटे या वर्षी अठ्ठेचाळीसपैकी अकरा तासांना आले होते. ते मला ठाऊक होते आणि तिलाही. माझा सूड एवढ्या वाक्यात मावत होता. मग मी बांबूपाशी जाऊन मुलांकडे पाठ करून उभा राहिलो, कोण काय भरतो ते दिसू नये म्हणून. प्रत्येक फळीवर मी तेवढेच वाक्य बोललो आणि तसाच उभा राहिलो.

शुक्रवारी दोन फळ्या झाल्या. आकडा एकोणतीसवर गेला. शनिवारी चौथ्या फळीवर, चार वाजून चाळीस मिनिटांनी, तो एक्केचाळीस असताना त्याच राउटरवरून बोरकुट्यांचा व्हॉट्सॲपवर फोन आला.

"धनराजभाऊ, हा आकडा काऊन वाढून राह्यला?"

"पोरं भरून राह्यले, सर."

"कुठी? सगळे तर जंगलात आहेत."

"मीपण तिथीच आहो."

ते म्हणाले, की प्रणालीत बिघाड दाखवून अर्ज लगेच बंद करा. मी सांगितले, की परिपत्रकात शनिवार सायंकाळी सहा असे लिहिले आहे आणि खाली सही त्यांचीच आहे.

यावर त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"रंजीताचे तास जूनपासून लावून देतो. माझा शब्द. तुम्ही फक्त अर्ज बंद करा."

समोर सात मुले पाकिटे हातात धरून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. बॅटरीत अजून दोन तासांचा जीव होता. अर्ज बंद करायला मला एक मिनिटही लागले नसते.

"तुम्हीच बोलले होते सर, आकडा खोटं नाई बोलत," मी म्हणालो. "बोलू द्या त्याले."

मी फोन ठेवला. हे उत्तर द्यायच्या आधी रंजीताला विचारायला हवे होते, हे मला त्यानंतर सुचले. नोकरी तिची गेली होती. सौदा नाकारला मी. तरीही मी तिला फोन लावला नाही. ती 'हो' म्हणेल अशी मला भीती होती. त्या सात मुलांचे अर्ज भरून झाल्यावर बांबू सोडला, मोटारसायकलला बांधला आणि पाचव्या फळीकडे निघालो.

शेवटचा अर्ज पाच वाजून बावन्न मिनिटांनी भरला गेला. दोन विद्यार्थी शेवटपर्यंत सापडले नाहीत. सोमवारी सकाळी मी निकालाच्या दोन प्रती काढल्या. एक संस्थेच्या फाइलला लावली. दुसरी घडी करून खिशात, जुन्या कागदाशेजारी ठेवली. रंजीताला काय सांगायचे ते मी अजून ठरवलेले नाही.

प्रा. राजदीप बोरकुटे: अर्ज छप्पन्न, सरासरी १.६३.