तळाशी बसलेली होडी

अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या जहाजांनी दक्षिणेतल्या चार्ल्सटनचं बंदर अडवून धरलं होतं. ती बुडवायला गावात लोखंडाची एक होडी केली होती, पाण्याखालून चालणारी. आठ माणसं आत ओळीने बसून हाताने दांडा फिरवायची. त्यातला एक डेक्लन, टियर्नी लोहाराचा एकुलता एक मुलगा.

आतली हवा किती पुरते ते पाहायला होडी एकदा नदीच्या तळाशी नेऊन बसवली. कुणीही एकाने ‘पुरे’ म्हटलं की वर यायचं, असं ठरलं होतं. आत मेणबत्ती विझली तरी कुणी म्हणेना. धक्क्यावर टियर्नीचा धीर सुटला. तो चर्चकडे धावला, मुलाच्या मरणाची घंटा वाजवायला लावली, बायकोला काळे कपडे घालायला लावले. संध्याकाळी डेक्लन घरी आला आणि भाताचं ताट ओढून जेवायला बसला.

गल्लीला विषय मिळाला. पिंपं बनवणारा ओ’डे रोज विचारायचा, “काय टियर्नी, आज कुणाला पुरलंस?” टियर्नीही हसायचा. डेक्लन मात्र हसला नाही.

“बाबा, पुढच्या वेळी मी वर येईपर्यंत तोंड उघडू नका. सगळे मला मढं म्हणतात.”

टियर्नीने मान डोलावली.

पुढच्या खेपेला होडीला नांगरलेल्या एका गलबताखालून पलीकडे निघायचं होतं. ती खाली गेली. थोडे बुडबुडे आले, मग तेही थांबले. होडी अडकवून वर ओढायचे गळ घेऊन एक नाव तयारच होती. टाकायचे का, असं ओ’डेनेच विचारलं. सगळे टियर्नीकडे पाहू लागले.

“बसू दे रे,” तो म्हणाला. “हट्टी आहेत. पुरे म्हणत नसेल कुणी.”

लोक हसले. टियर्नीने टोपी दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरली होती. उन्हं कलल्यावर तोच उठला आणि पहिला गळ त्याने टाकला.

होडी सापडून वर निघेपर्यंत थंडीचे दिवस सुरू झाले होते. तिचं नाक चिखलात रुतलं होतं. वर येण्यासाठी बुडाची वजनं सोडायचे बोल्ट अर्धेच फिरलेले होते. डेक्लन झाकणाखाली होता, तळवे वर लोखंडाला टेकलेले. आत ते किती वेळ जिवंत असतील, हे टियर्नीने डॉक्टरला विचारलं नाही.

त्यानंतर ओ’डे त्याला पाहिलं की टोपी काढायचा. एके दिवशी टियर्नी त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

“विचार ना,” तो म्हणाला.

“काय?”

“रोज विचारायचास ते.”

ओ’डेने हातातली फळी खाली ठेवली आणि टोपी काढली.